माएस्त्रोची बाटली आणि माझी जेली

चौकात ही गर्दी! स्वतःला माएस्त्रो, म्हणजे गुरुजी, म्हणवणाऱ्या फुल्हेन्सिओने दोन ग्लासांत लाल जेली ठेवली. एकात साधं पाणी ओतलं, दुसऱ्यात आपल्या बाटलीतलं.

"मका आपली आई! तिच्या प्रथिनांचे मी पपईच्या चिकाने बारीक तुकडे केलेत. ते शिरांत शिरतात नि साचलेला गाळ विरघळवतात. ही जेली म्हणजे तो गाळ. बघा!"

अर्ध्या तासात बाटलीच्या पाण्यातली जेली वितळली. दुसरी तशीच. बायका छातीवर क्रूस काढू लागल्या. माझी थोरली बहीण ब्रिहिदा तर रडायलाच लागली.

"तिमोतेआ, चार दिवस झाले, रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात मी. हेच पिते."

आमची आई याच दाबाने अर्धांगवायू होऊन गेली होती.

आणि मनात पाल चुकचुकली. वीस वर्षं मी या बाजारात फळांची जेली विकते. या धंद्यात नवी आलेली प्रत्येक बाई एकदा तरी कच्चा अननस घालते, आणि सकाळी पातेल्यात नुसतं सरबत सापडतं. माझंही झालंय; सासूने सगळ्यांदेखत उद्धार केला होता. अननस उकळून घातला की जेली मुकाट जमते. पपईचंही तेच.

"माएस्त्रो, तुमचं पाणी जरा उकळू या का?"

"छे! उकळलं की शक्ती मरते!"

"बरं, मरू दे. जिवंत अननस चालेल?"

लोक हसले. मी गाडीवरून जेलीचे आणखी दोन ग्लास आणले. एकात कच्च्या अननसाचा रस ओतला, दुसऱ्यात ब्रिहिदाकडच्या त्याच्याच बाटलीतलं, शेजारच्या शेगडीवर उकळून गार केलेलं पाणी. अर्धा तास सगळे तिथेच ताटकळले. अननसातली जेली पाघळली. उकळलेल्या पाण्यातली ढिम्म.

"माझ्या अननसाला कुणी मंत्र दिला हो, माएस्त्रो?"

तो बाटल्या पिशवीत भरायला लागला.

दवाखान्यातल्या डॉक्टर नोएमी पुढे आल्या. "चीक प्रथिनं तोडतो हे खरं. ही जेली जिलेटिनची, म्हणजे तीही प्रथिनच, म्हणून वितळली. मक्याच्या अशा तुकड्यांनी दाब उतरतो का, यावर प्रयोगशाळांत अभ्यास चालू आहेत. पण या बाटलीत काय, किती आहे, पोटात ते टिकतं का, कुणी तपासलंय?"

ब्रिहिदा हटूनच बसली. "पण माझ्या डोळ्यांदेखत वितळलं ना!"

मी म्हटलं, "वितळलं गं बाई! पण तुझ्या शिरांत जेली आहे असं सांगितलं कुणी? त्यानेच ना?"

डॉक्टरांनी तिथेच दाब मोजला. एकशे नव्वद. ब्रिहिदाचा चेहरा उतरला. तिला हाताला धरून मी दवाखान्यात नेलं.

बायांनो, डोळ्यांना दिसलं ते खरंच होतं. खोटं होतं ते त्याने पुढे जोडलेलं वाक्य. तेवढं वाक्य तपासून घेत जा; नाहीतर आईपाठोपाठ बहीणही पुरायची वेळ येते.