घासलेलं साल

बटणताईंनी बावीसच्या बावीस सोन्याची नाणी दंतमंजनाने घासून लख्ख केली, तेव्हा त्यांना वाटलं, आपण मोठीच अक्कल चालवली. विकायला न्यायची, तर जरा बरी दिसायला नकोत? डोंबल! नाण्यांच्या दुकानातल्या शेटनी पहिलंच नाणं भिंगाखाली धरलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, हे काय करून बसलात? केवढे ओरखडे! घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत. आता नुसता वजनाचा भाव."

बावीस वर्षं शिवणकामातून चार पैसे बाजूला टाकून त्या दरवर्षी टांकसाळीचं एकेक नाणं घेत आल्या होत्या. आता त्या भाड्याने चालवत होत्या ते शिवणाचं दुकानच मालकाने विकायला काढलं होतं. संध्याकाळपर्यंत पैसे दिले नाहीत, तर ते घ्यायला शेजारचा चपलावाला टपूनच बसला होता. वजनाच्या भावाने एका नाण्याइतके पैसे कमी पडत होते. सगळी मदार होती एकाच सालावर. त्या वर्षी सोनं धाडकन पडलं, घेणारे पळाले, टांकसाळीने मोजकीच नाणी पाडली. ताईंनी मात्र नेमाने घेतलं. तेव्हा लोक हसले. आता त्याच सालाला संग्राहक तिप्पट मोजत होते. न घासलेल्याला!

"माझीच मेलीची हौस," ताई पुटपुटल्या. डोळे भरून आले.

शेटनाही वाईट वाटलं. चिमटा ठेवायला त्यांनी खण उघडला. आत मखमलीच्या तबकात त्यांची स्वतःची नाणी ओळीने बसवलेली, आणि मधेच एक खळगा रिकामा. रस्त्यापलीकडच्या माणसाचं तुटलेलं बटण हेरणारी बाई ती. तिच्या नजरेतून हे सुटतंय होय!

"हा कुठल्या सालाचा?"

शेट कानापर्यंत लाल झाले. "त्याच. यंदा सोनं घेऊ नका, बुडाल, असं गिऱ्हाइकांना सांगत सुटलो होतो. स्वतःचंच ऐकलं."

"मग नंतर का नाही घेतलं?"

"तिप्पट द्यायला जीव होत नाही हो!"

ताईंनी पदराने डोळे पुसले. "मग दुप्पट द्या."

"घासलेलं आहे, ताई!"

"तुम्हाला कुठे विकायचंय? ओरखडे मोजायला कोण येतंय तुमच्या खणात?"

"दीडपट."

"दुप्पट. नाहीतर त्या खळग्यात एक बटण टाकून देते, फुकट."

शेट खो खो हसले आणि नाणं उचलून खळग्यात बसवलं. ओळीत ते एकटंच नव्या नवरदेवासारखं चमकत होतं.

ताईंनी तिथूनच मालकाला फोन लावला. "पैसे घेऊन येतेय. चपलावाल्याला म्हणावं, दुसरं बघ." फोन ठेवला आणि स्टुलावर बसून त्या खुशाल रडल्या.

शेटनी पाण्याचा पेला पुढे केला. "अहो, आता काय झालं?"

"काही नाही हो. उद्या सकाळी मी माझ्या स्वतःच्या दुकानात शिवायला बसणार."