फ्रीजला न चिकटणारा चुंबक

मी प्रयोगशाळेत ज्या स्फटिकावर काम करतो, तो म्हणायला चुंबक आहे. "कसला मेला चुंबक, साधा फ्रीजला चिकटत नाही!" असं म्हणून बायको माझं डोकं फिरवायची.

मग मी तावातावाने समजवायचो. "अगं, यातले अणू त्रिकोणात बसलेत. प्रत्येकाला दोन्ही शेजाऱ्यांच्या बरोबर उलट दिशेला तोंड करायचं असतं आणि तिघांना ते एकदम जमत नाही. म्हणून कितीही गार केलं तरी ते जागेवर ठरत नाहीत. तरी आत एक व्यवस्था असते. एकेका जागी बघून ती सापडत नाही, सगळीकडून फेरी मारून परत आलं तरच कळते."

"म्हणजे माझ्या फेरीसारखी," ती म्हणायची.

बाहेर पडताना गॅस, नळ, खिडक्या बघत ती घरभर फिरायची. मी दारात बूट घालून उभा. "अगं, आटप की!" म्हणून ओरडायचो.

ती गेल्यापासून घर जसंच्या तसं आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. आज निघताना काय वाटलं कोण जाणे, मीच ती फेरी मारली. गॅस बंद होता. नळ बंद होता. खिडक्या लावलेल्या होत्या. कुठल्याच खोलीत काही कमी नव्हतं.

परत दाराशी आलो. बूट घालून, ताटकळून, माझ्यावर ओरडायला तिथे कुणीच उभं नव्हतं.