माझ्या कपाळावरचा खोटा आकडा

मित्रांनो, इन्क्युबेटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे अंड्यातून डोकावणारी पिवळी पिल्लं येतात. मीही एक जुना इन्क्युबेटर आहे, पण माझ्या पोटात कधी पिल्लू चिवचिवलं नाही. फळझाडांच्या किडींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत, बिनखिडकीच्या खोलीत, मी अकरा वर्षं भिंतीला पाठ लावून उभा होतो. काचेचं दार, चार फळ्या आणि कपाळावर लाल आकडे, एवढाच माझा देह.

फळ्यांवरच्या डब्यांत फळ पोखरणाऱ्या अळ्या आणि त्यांचे पतंग असत. बाहेर ऊन असो की पाऊस, त्यांना मी देईन तेच हवामान. डब्याच्या झाकणावर डोकं आपटणारे पतंग पाहून मला वाईट वाटे. पण त्यांना सोडणं माझ्या हातात नव्हतं.

प्रयोग करणाऱ्या मॅडम रोज सकाळी भिंग घेऊन येत. ऊब वाढवली की अंडी लवकर फुटत, कमी केली की रेंगाळत. सफरचंदावर सोडलेली अळी बघता बघता गलेलठ्ठ होई. पेअरच्या कोवळ्या, दगडासारख्या फळावर सोडलेली मात्र सालीवरच हात टेकी. हे सगळं मॅडमच्या वहीत उतरे. अंडी कितव्या दिवशी फुटतात, यावर त्यांची फार बारीक नजर असे. कारण अळी एकदा फळात शिरली की औषधाचा फवारा तिचं काही वाकडं करू शकत नाही.

एका हिवाळ्यात डबे सरकवताना धक्का लागला. तापमान मोजणारी माझी वायर चिमट्यातून निसटली आणि हीटरला जाऊन टेकली. तेव्हापासून मी कपाळावर पंचवीस अंश दाखवत राहिलो, पण फळ्यांवर असत जेमतेम एकवीस. मला ते कळत होतं! पण आकड्याशिवाय मला दुसरी भाषा नव्हती, आणि तो आकडाच खोटा होता.

डबे धुणाऱ्या मामांना पहिल्यांदा शंका आली.

"मॅडम, आत हात घातला की गार लागतंय हो."

"पंचवीस दाखवतोय की, मामा! तुमचे हात ओले असतात, म्हणून."

मामांनी हात पुसले. दार पुन्हा लागलं.

अंडी आठव्या दिवशी फुटली. मॅडमनी सगळ्या बागवाल्यांना कळवलं, "हवा पंचवीस अंशांची असेल, तर अंडी दिसल्यापासून सातव्या दिवशी फवारा."

वसंतात टेकडीखालच्या बागेतल्या काकू टोपली घेऊन थेट आमच्या खोलीत आल्या. त्यांनी एक इवलंसं सफरचंद कापून टेबलावर ठेवलं. आत अळी.

"सातव्या दिवशी फवारलं, बाई. त्याआधीच ही आत जाऊन बसली होती."

मॅडमनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मामांनी काचेचा साधा थर्मामीटर माझ्या फळीवर ठेवला. अर्ध्या तासाने तो बाहेर आला. एकवीस. मॅडम स्टुलावर बसल्या.

"काकू, चूक तुमची नाही, हवेचीही नाही. माझी आहे. मामा सांगत होते, मी ऐकलं नाही."

मग त्यांनी फोन उचलला. टेकडीवरच्या बागांत अंडी दिसून चारच दिवस झाले होते. "सातव्या दिवसाची वाट बघू नका, उद्याच फवारा. मी चुकीचं सांगितलं होतं." हेच वाक्य त्यांनी एकोणीस वेळा म्हटलं. एकदाही आवाज खाली केला नाही. वरच्या बागा वाचल्या. काकूंची निम्मी फळं मात्र गेलीच.

वायर जागेवर बसली, सगळा प्रयोग पहिल्यापासून झाला. यावेळी अंडी सहाव्या दिवशी फुटली. पुढे नवं यंत्र आलं आणि मी अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांमागे अडकलो.

मित्रांनो, मला पुसून चकचकीत ठेवा, असं माझं मागणं नाही. पण तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात आमच्यासारखी मुकी यंत्रं असतील. अधूनमधून आमच्या आकड्यावर शंका घ्या, दुसऱ्या मापाने तो पडताळून पाहा. आम्ही चुकतो, तेव्हा आम्हाला ते कळतं. फक्त सांगता येत नाही.