अनोळखी बॅटरी

सगळी गल्ली ज्याला चिमटा म्हणायची, त्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने ताईच्या फोनचे दोन स्क्रू काढले, झाकण उचललं आणि महिन्यापूर्वी आपल्याच हाताने घातलेली बॅटरी दिव्याखाली धरली. कंपनीचीच होती, सीलबंद खोक्यातून काढलेली. कोपऱ्यात त्याने घातलेली तारीखही तशीच होती. त्याने ती परत बसवली, फोन चालू केला. पडद्यावर पुन्हा तेच आलं: ‘ही बॅटरी अनोळखी आहे. तुमच्या सुरक्षिततेसाठी फोन बंद होत आहे.’

“नवं अपडेट कधी घेतलंस?”

“आलं त्याच दिवशी,” ताई म्हणाली. “तूच म्हणाला होतास, या कंपनीचं डोळे मिटून घे.”

म्हणाला होता खरा, आणि एकट्या ताईला नव्हे, अख्ख्या गल्लीला. बाकीच्या कंपन्या फोन गोंदाने चिकटवू लागल्या तेव्हा हीच एक स्क्रू लावत राहिली. ‘तुमचा फोन, तुम्हीच उघडा’ असं छातीठोकपणे सांगत राहिली. चिमट्याला ते इतकं भावलं की त्याने स्वखर्चाने पाटी रंगवून दुकानावर लावली: ‘उघडता येतो, तोच आपला.’ बारा वर्षं तो या कंपनीची तळी उचलत आला. आता स्क्रू होते तिथेच होते, कुलूप मात्र लबाडांनी आत, नजरेआड घातलं होतं. नव्या अपडेटनंतर बॅटरीला ओळख द्यायची ती फक्त कंपनीच्या सेवा केंद्राने; दुसऱ्या कुणी बसवली की फोन बंद.

“परवापासून दोनदा फोन केला तुला,” तो म्हणाला. “बंदच. तुझं काम असं, कुणाला कधी कळा सुरू होतील सांगता येत नाही.”

ताई बाळंतपणं करणारी परिचारिका. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

“एकदा झालं तसं. तीन आठवडे झाले. कळा सुरू झालेल्या एका बाईच्या सासूने चारदा फोन लावला म्हणे.”

“मग?”

“बाळ झालं. दोघं बरी आहेत. मी नव्हते, एवढंच.”

चिमट्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तेवढ्यात ताईच्या पिशवीत फोन वाजला.

तिने तो काढला, “अर्ध्या तासात येते” म्हणाली आणि उलटा करून मांडीवर ठेवला. तरी मागचा शिक्का त्याला दिसायचा तो दिसलाच. ज्या कंपनीला तो बारा वर्षं ‘गोंदवाले’ म्हणून हिणवत होता, तिचाच फोन.

“हा कधी घेतलास?”

“त्याच आठवड्यात.”

“ताई, तो उघडत नाही गं. बॅटरी गेली की फेकायचा.”

“माहीत आहे. दुकानदाराने घेतानाच सांगितलं. निदान तोंडावर तरी सांगितलं.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तुझ्या जिवाला लागलं असतं रे. तुझ्यासाठीच गप्प बसले.”

बाकावरच्या फोनच्या पडद्यावर ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ अजून उजळलेलं होतं. मग तेही विझलं. त्याला ताईचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे कुठे बघावं ते कळेना.

एकाएकी तो उठला.

“कुठे निघालास?”

“शिंपीणकाकूंकडे. गेल्या आठवड्यात त्यांच्या फोनला मीच नवी बॅटरी घातली. सगळी गिऱ्हाइकं त्यांना फोनवरच मापं कळवतात.”

तो चपला न घालताच रस्ता ओलांडून गेला. काकू दारातच मशीनवर बसल्या होत्या. त्याला पाहून त्यांनी पाय थांबवला आणि तोंडातली टाचणी काढली.

“काकू, ते अपडेट घेऊ नका.”

“अरे, सकाळीच घेतलं,” काकू कौतुकाने म्हणाल्या. “चिमट्याचा शब्द आहे म्हटल्यावर वाचत कोण बसतंय?”