टायलरांच्या दारातला खांब

"बंदूक खाली कर, क्लाइड," लोरेन म्हणाली.

क्लाइड टायलरने ती खाली केली नाही. त्याच्या घरासमोरच्या विजेच्या खांबावर मासेमार घारीचे घरटे होते. त्यातल्या ओल्या काटक्या तारांवर लोंबून सकाळी जाळ झाला होता आणि तेव्हापासून वीज गेली होती. आत त्याचे वडील हार्लन यांचे प्राणवायूचे यंत्र बंद पडले होते. ते उरल्यासुरल्या सिलिंडरवर श्वास घेत होते. भरतीचे पाणी रस्त्यावर चढल्याने अ‍ॅम्ब्युलन्स खाडीपलीकडे अडकली होती. वीज कंपनीचा उंच ट्रक तेवढा कसाबसा पोचला.

"दोन गोळ्यांचं काम आहे," क्लाइड म्हणाला. "तुला जमत नसेल तर बाजूला हो."

"गोळीनं घार मरेल, काटक्या तारेवरच राहतील. वीज येणार नाही, आणि मला तुझं नाव सरकारला कळवावं लागेल."

"कळव की. आमच्या नावानं बोटं मोडायची सवय आहेच तुला."

लोरेन एके काळी क्लाइडची बायको, या घरची सून होती. घटस्फोटानंतर तिने वीज कंपनीत मीटर वाचायची नोकरी धरली. पुढे पक्ष्यांचे काम तिच्या गळ्यात पडले, कारण ते कुणालाच नको होते. तारांवर मेलेले पक्षी उचलायला आणि घरटी हलवायला कंपनीला सरकारी परवाना लागतो, आणि तो आता लोरेन सांभाळत असे. रिकामे घरटे काढता येई. पिल्ले असतील तर हात लावायचा नाही. माणसाच्या जिवावर बेतले तरच लावायचा, पण पिल्ले वाचवायची धडपड करायची आणि जे घडले ते सगळे कळवायचे. गावातले लोक तिला घारींची वकीलीण म्हणत.

"लोरेन!" ट्रकच्या पाळण्यात वर उभा असलेला वायरमन रॉइस ओरडला. "तीन पिल्लं आहेत. त्यातलं एक आधीच मेलंय. काय करू? काठीनं सगळंच ढकलून देऊ?"

एव्हलिन, तिची पूर्वीची सासू, दारात आली. कुणाकडेही न बघता म्हणाली, "सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात आलाय."

ढकल म्हटले असते तर लोरेनला कुणी बोल लावला नसता.

"पिल्लं उचल," तिने रॉइसला सांगितले. "पण मी खिडकीतून हाक मारली की हातातलं काम टाकून आधी ढकल. समजलं?"

मग ती क्लाइडच्या शेजारून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या घरात शिरली.

हार्लन उशांना टेकून बसले होते. मास्कखाली छाती भात्यासारखी चालली होती. समोरच्या खिडकीतून खांब सरळ दिसत होता. लोरेनने त्यांचा हात हातात घेतला. बोटे गार होती.

वर घार किंचाळत रॉइसच्या शिरस्त्राणावर झेपावत होती. त्याने एक पिल्लू काढून खेकड्यांच्या टोपलीत ठेवले. पुन्हा वाकला. घारीने दंडावर पंजा मारला, तो मागे झाला, पुन्हा वाकला.

हार्लनचे ओठ निळे पडू लागले. लोरेन उठली तशी त्यांनी तिचे मनगट धरले आणि मान हलवली. थांब म्हणत होते ते. मास्कमधून शब्दही आला, "थांब."

ती थांबली नाही. मनगट सोडवून तिने खिडकी वर सरकवली.

"रॉइस, ढकल!"

काठी फिरली. घरटे काटक्या, शेवाळ, माशांचे काटे यांच्यासकट खाली कोसळले. रॉइसने तारा मोकळ्या केल्या, उडालेल्या फ्यूजच्या जागी नवा बसवला. खोलीतले यंत्र खरखरले आणि चालू झाले. एव्हलिनने नळी जोडली. हार्लनचे डोळे खिडकीवरच होते.

बाहेर क्लाइड बंदूक पायरीला टेकवून ढिगाऱ्याजवळ उकिडवा बसला होता. "हे खाली आलं," तो म्हणाला. "मेलंय."

"माहीत आहे."

"पुरू का परसात?"

"नाही. मेलेलं आमच्याकडेच द्यावं लागतं. दोन्ही."

एव्हलिनने आतून एक धुतलेला टॉवेल आणून दिला. लोरेनने दोन्ही मेलेली पिल्ले त्यात गुंडाळली.

दुपारी पाणी उतरल्यावर कंपनीने घरामागे, तारांपासून दूर, एक कोरा खांब रोवला. त्यावर लाकडी माची बसवली. पडलेल्या काटक्या क्लाइडनेच गोळा करून वर दिल्या, कुणी न सांगता. उरलेले पिल्लू माचीवर ठेवले. घार मात्र जुन्या खांबावरच घिरट्या घालत राहिली. रॉइस हाताला पट्टी बांधून गेला. लोरेनची कामाची वेळ संपली होती, तरी ती थांबली.

उन्हे कलल्यावर घार माचीवर उतरली. पंजात मासा होता.

एव्हलिन मागच्या दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "हार्लन विचारतोय, दुसरं पिल्लू कुठंय. खाली काय पडलं ते दिसलं नाही म्हणतो. काय सांगू त्याला?"

"तुम्ही नका सांगू, आई. मी सांगते."

लोरेनने परसातल्या नळावर हात धुतले, पायरीवर चिखलाचे बूट काढले आणि ती आत गेली.