ड्रेसिंगच्या खोलीतली फळी

मी एक जुनी फळी आहे. लहान मुलांच्या दवाखान्यात, ड्रेसिंगच्या खोलीत, दाराच्या मागे माझी जागा होती. मित्रांनो, आपल्या कामाबद्दल सांगताना कुणीही ताठ मानेने सांगतो. मला ते जमणार नाही. माझी हकिकत मला खाली बघूनच सांगावी लागेल.

दवाखान्याच्या सुताराने मला एका मोडक्या कपाटाच्या दारापासून बनवले. माणूस मायाळू होता. मुलांना कुसळ टोचू नये म्हणून त्याने माझ्या कडा घासून घासून गोल केल्या, वर गादी ठोकली, गादीवर निळे रेक्झिन चढवले. मग दोन्ही अंगांना चामड्याचे पट्टे आणि बक्कल लावले. छातीसाठी, हातांसाठी, मांड्यांसाठी. शेवटी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून माझ्या वरच्या टोकाला एक पिवळे बदक काढून घेतले. मुलांना गंमत वाटावी, हा हेतू. पण मूल माझ्यावर झोपले की बदक त्याच्या डोक्यामागे जायचे. त्यामुळे ते बदक बहुतेक मोठ्यांनीच पाहिले.

माझे काम सोपे होते. कुणाच्या कपाळाला खोक पडलेली असे, कुणाचा हात भाजलेला असे. घाबरलेले मूल हातपाय झाडते, आणि मूल हलले की टाका वाकडा पडतो. म्हणून सिस्टर मला टेबलावर आडवी करायची, मुलाला माझ्यावर झोपवायची आणि बक्कल लावायची. काम झटपट उरकायचे. मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, "या फळीमुळे निम्मा त्रास वाचला." कुणाचा निम्मा, ते कुणी विचारले नाही. मीसुद्धा नाही. उलट मी मनातल्या मनात फुगले.

खरे तर मला कळायला हवे होते. मुलाची पाठ माझ्यावर टेकलेली असायची. त्याचे काळीज कसे धडधडते, ते डॉक्टरांच्या आधी मला समजायचे. काही मुले ओरडून ओरडून एकदम गप्प व्हायची, अंग सैल सोडायची. सिस्टर म्हणायची, "बघा, आली की नाही शहाण्यासारखी वळणावर." ती वाईट नव्हती हो. बाहेर मुलांची रांग आणि आत ती एकटी. पण त्या गप्प पाठीखालचे काळीज तसेच धडधडत असायचे, हे तिला दिसत नव्हते. मला जाणवत होते आणि तरी मी फुगलेलीच होते.

मग एके दिवशी रेडिओ आली.

हे तिचे खरे नाव नव्हे. चार वर्षांची ती मुलगी सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायला लागायची, म्हणून बाबांनी तिला हे नाव ठेवले होते. गरम पाण्याचे भांडे कलंडून तिची मांडी भाजली होती. आई घरी तान्ह्या भावाजवळ थांबली होती आणि बाबा तिला कडेवर घेऊन आले होते. पिशव्या आणि पट्टे शिवण्याचे त्यांचे छोटे दुकान होते. खोलीत शिरल्या शिरल्या रेडिओने मला पाहिले.

"बाबा, या बदकाचं नाव काय? त्याला पाय का नाहीत? ते बसलंय का?"

बाबा हसले. सिस्टर म्हणाली, "चल बाळा, झोप इथे. काही होणार नाही."

पण झाले. बँडेज जखमेला चिकटले होते. ते ओढताच रेडिओने अशी उसळी घेतली की माझ्या छातीच्या पट्ट्याची शिवण उसवली. झटक्यात तिचा हातही पट्ट्यातून निसटला आणि तिने सिस्टरच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

"अहो, हिला घरी काही शिस्त आहे की नाही?" सिस्टर कळवळून म्हणाली.

दारात उभे असलेले दुसरे आईबाप बघत होते. बाबांचे कान लाल झाले. लेकीची त्यांना इतकी लाज वाटली की कुठे तोंड लपवावे ते कळेना. कसेबसे ड्रेसिंग आटोपल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, माफ करा. हा पट्टा मला द्या. मी शिवून देतो. पुन्हा नाही तुटायचा."

त्यांची पिशवी बरोबरच होती. ते बाहेरच्या बाकावर बसले, मला मांडीवर घेतले, दाभण काढले. रेडिओ डोळे पुसत शेजारी येऊन उभी राहिली. दुकानात ती रोज त्यांना मदत करायची, तशीच तिथेही करू लागली. मेणाचा गोळा तिने दोन्ही हातांत धरला आणि बाबांनी त्यातून दोरा ओढून घेतला. दुहेरी दोरा, जवळ जवळ टाके. अशी शिवण मला कुणी घातली नव्हती. रेडिओने विचारले, "बाबा, हे कशाला?"

बाबा म्हणाले, "असंच. तुटलं होतं ना."

मित्रांनो, त्या शिवणीचाही मला अभिमान वाटला होता. आज ते आठवले की अंग चोरावेसे वाटते.

पुढच्या खेपेला तो पट्टा रेडिओच्या छातीवर आला. बाबांनीच आवळला, कारण सिस्टर म्हणाली, "दादा, तुम्हीच लावा, तुमचा हात घट्ट आहे." रेडिओने उसळी घेतली. पट्टा हलला नाही. तिने मान वाकवून पट्ट्याकडे पाहिले, मग बाबांकडे पाहिले. बाबा म्हणाले, "झालं, झालं." झालेले काहीच नव्हते. थोड्या वेळाने तिने अंग सैल सोडले.

त्यानंतर ती यायची ती गुपचूप. स्वतःच माझ्यावर आडवी व्हायची आणि छताकडे बघत राहायची. रडणे नाही, बोलणे नाही, बदकाची चौकशी नाही. सिस्टर खूश होती. "शिकली हो तुमची लेक," ती बाबांना म्हणायची. बाबा मान डोलवायचे, पण हसायचे नाहीत.

मग एका सकाळी रेडिओची आई आली. बरोबर एक डॉक्टरबाई होत्या. मुलांची वाढ आणि वागणूक बघणाऱ्या या डॉक्टरबाईंची खोली वरच्या मजल्यावर होती. या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. मागे बाबा होते. मुलीला त्यांनी वर खेळण्यांपाशी मदतनीस बाईंजवळ ठेवले होते.

आईने जे सांगितले, ते मी दाराच्या मागून ऐकले. घरातला रेडिओ बंद पडला होता. मुलगी पुन्हा अंथरूण ओले करू लागली होती. बाबा कमरेचा पट्टा काढायला लागले, बक्कल वाजले, की ती पलंगाखाली शिरायची. "आणि काल," आई म्हणाली, "काल तिने बाळाला चादरीत आवळून बांधलं. बाळ रडून रडून निळं पडलं होतं. आणि ही त्याला थोपटत म्हणत होती, झालं, झालं, काही होणार नाही. इतक्या दिवसांत तेवढंच बोलली. बाई, माझी पोर अशी नव्हती. आमचं काय चुकलं?"

डॉक्टरबाईंनी सिस्टरला विचारले, "ड्रेसिंग कसं करता, मला दाखवाल?"

सिस्टरने मला बाहेर काढले, पण तिचा चेहरा उतरला होता. "मूल हललं तर नवी कातडी निघते, बाई. मी एकटी काय काय करू?"

"मला माहीत आहे. तुम्हाला मदत द्यायला हवी होती, आणि आम्ही वरच्या मजल्यावर बसून राहिलो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चूक तुमच्या एकटीची नाही. तिच्या बाजूने हे कसं दिसलं असेल, तेवढं बघू या."

बाबा इतका वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते न वळताच म्हणाले, "पट्टा मी शिवलाय."

आईला हे ठाऊक नव्हते. "काय?"

"तुटला होता. मी शिवून दिला. तिनेच मेण धरलं होतं. आणि मग मीच तिला बांधलं. घरी तुला सांगितलं, छान बसली म्हणून."

बाबा पुढे आले, खिशातून दुकानातली चामडे कापायची पात काढली आणि आपलेच टाके एकेक करून उसवू लागले. शिवण पक्की होती, त्यामुळे वेळ लागला. त्यांच्या डोळ्यांतले पाणी माझ्या रेक्झिनवर पडत होते. पट्टा सुटून खाली पडला.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "हे बरं केलंत. पण एवढ्याने भागणार नाही. तिला सांगावं लागेल."

"चार वर्षांच्या पोरीला काय सांगू?"

"खरं असेल ते."

पुढच्या ड्रेसिंगला मी दाराच्या मागेच राहिले. दुखणे कमी करणारे औषध आधीच पाजले होते. बाबा रेडिओसमोर जमिनीवर उकिडवे बसले. "बँडेज काढताना दुखणार आहे," ते म्हणाले. "मागे मी झालं, झालं म्हणालो, ते खोटं होतं. तुला बांधलं, तेही चुकलं. तुझं काही चुकलं नव्हतं. आता नाही बांधणार."

रेडिओने ऐकले. मग ती त्यांना वळसा घालून आईच्या मांडीवर जाऊन बसली आणि दाराकडे बोट दाखवले. बाबा उठून बाहेर गेले. मान खाली होती.

सिस्टरने बँडेज पाण्याने भिजवून सैल केले आणि त्याचे टोक रेडिओच्या हातात दिले. "तू ओढ. थांब म्हणालीस की मी थांबेन." रेडिओ ओढायची, हात वर करायची, सिस्टर थांबायची. बाहेरची रांग कुरकुरली. मधेच दुखले तेव्हा ती मोठ्याने रडली. किती दिवसांनी मी तिचे रडणे ऐकले. वर्षानुवर्षे ज्या आवाजाला मी माझी हार समजत होते, तो त्या दिवशी मला आवडला.

पुढच्या प्रत्येक खेपेला तिला आईच लागली. बाबा मात्र दर वेळी यायचे आणि बाहेर बाकावर बसायचे. जखम भरत आली. शेवटच्या शेवटच्या ड्रेसिंगला रेडिओने आईच्या मांडीवरून दाराकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, आत ये."

बाबा आत आले.

"इथे बस. हात खाली ठेव. मांडीखाली."

बाबा स्टुलावर बसले आणि दोन्ही तळवे स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले. रेडिओने वाकून, हात खरेच खाली आहेत ना ते तपासले. मग बँडेजचे टोक धरले. ओढताना ती त्यांच्याकडे बघत होती. मधेच बाबांच्या नाकावर माशी बसली. त्यांनी नाक आक्रसले, मान हलवली, पण हात काही काढले नाहीत. रेडिओ म्हणाली, "बाबा, माशीला हाकलू का मी?" आणि मग विचारले, माशीला नाक असते का, तिला रात्री झोप येते का, ती रडते का. प्रत्येक प्रश्नाला बाबा मान हलवत राहिले; हात मात्र मांड्यांखालीच होते.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. गर्दीच्या दिवशी अजूनही कुणीतरी दार उघडून विचारते, "ती फळी कुठे ठेवलीय?" तेव्हा मला आणखी कोपऱ्यात सरकावेसे वाटते. मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला पुसा, जपा, पुन्हा वापरात आणा. मी उलट मागते आहे. मला शोधू नका. तुम्ही मोठे व्हाल, कुणाचे आईबाबा व्हाल, कुणी डॉक्टर, कुणी सिस्टर व्हाल. तुमच्यासमोर एखादे घाबरलेले मूल हातपाय झाडू लागेल आणि तुमच्याजवळ वेळ नसेल. तेव्हा त्याला खरे सांगा, दुखणार आहे म्हणून सांगा, आणि ते थांब म्हणाले तर थांबा. ते गप्प झाले, तर त्याला शहाणे म्हणायची घाई करू नका. कितीतरी मुलांच्या बाबतीत मी ती घाई केली. त्यांची नावेसुद्धा मला ठाऊक नाहीत.