चात्तुक्कुट्टींचा सिनेमा

"मल्याळी सिनेमाला मल्याळीच अक्षरं? उद्या सांबाराच्या पातेल्यावर 'सांबार' असं लिहिशील तू," मी रमणीला म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "इंग्रजी अक्षरं तुमच्या गिऱ्हाइकांना, जलीलिक्का. ही आमच्या अच्छनना. ऐकू येत नाही, पण वाचता येतं त्यांना."

कोळिक्कोडला माझं डीव्हीडी तयार करायचं छोटं दुकान होतं. सिनेमाच्या तळाशी सबटायटल बसवायचं काम रमणीकडे. तिचे अच्छन, म्हणजे वडील, चात्तुक्कुट्टी कल्लायीच्या लाकडाच्या वखारीत जन्मभर करवतीपाशी उभे राहिले आणि कान गमावून घरी बसले. घरात विनोदी सिनेमा लागला की ते लेकीच्या, नातवंडांच्या तोंडाकडे बघायचे. सगळे हसले की मग हसायचे. हल्ली तर टीव्ही लागला की उठून अंगणातच जायचे. एकदा तरी त्यांनी सगळ्यांबरोबर हसावं, एवढाच रमणीचा हट्ट. मला ते खूळ वाटलं, पण नाही म्हणवेना. जेवणाच्या सुट्टीत ती एकेक संवाद ऐकून लिहायची, पात्राने तोंड उघडलं की अक्षरं आणायची, मिटलं की घालवायची. रिमोटची भानगड वडिलांना जमणार नाही, म्हणून डिस्क घालताच अक्षरं आपोआप दिसतील अशी सोयही तिने केली.

ओणमला मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. पानं उचलल्यावर रमणीने वडिलांना अंगणातून ओढत आणून टीव्हीपुढे बसवलं. आधी ते अवघडून बसले. मग त्यांचे ओठ हलू लागले. पडद्यावरचा चहावाला सासूचं गाऱ्हाणं सांगू लागला आणि चात्तुक्कुट्टी खो खो हसले. एकटेच. आम्ही दचकलो. चहावाल्याचं वाक्य अजून संपायचं होतं. ते संपलं, तेव्हा आम्ही हसलो.

रमणीचं तोंड उतरलं. सबंध वाक्य तिने एकदम दाखवलं होतं. शेवटचे शब्द मागे ठेवून वेगळे आणायला हवे होते. चूक नवशिक्याची. तिने सिनेमा थांबवला आणि उद्या दुरुस्त करते, असं वडिलांना खुणेने सांगितलं.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा. "इतकी वर्षं तुमच्या मागून हसलो. आता तुम्ही हसा की माझ्या मागून. लाव पुढे."

रमणीचे डोळे भरून आले. तिने सिनेमा पुन्हा लावला. चात्तुक्कुट्टींनी मात्र आमच्याकडे पाहिलंच नाही. त्यांचा सिनेमा चालू झाला होता.